दीड स्टॉप उजेड

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत एका हळदीच्या मांडवात होतो. नवरदेवाच्या सात मावश्या एकाच वेळी त्याच्या गालाला हळद फासत होत्या आणि मी खुर्चीवर चढून नेम धरला होता. अकोटहून फोन... सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी खुर्चीवरून उतरलो. खरं सांगू? पहिल्यांदा मनात आलं ते असं : मनोहर, आता दोन जिल्ह्यांत पहिला फोटोग्राफर तूच. दुःख त्याच्या मागून आलं, पण आलं ते असं की पुढचे चाळीस फोटो हलले. मावश्यांना मी सांगितलं, ही नवी स्टाइल आहे.

अकोटला पोचलो तर गर्दी ही! रस्त्यावरची एसटी वळवावी लागली. बरं, एसटी नसेल, दोन ऑटो असतील. पण वळवावे लागले. नांदगाव खंडेश्वरपासून माणसं आली होती. ज्यांच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले ते आले होते आणि ज्यांचे मी काढले तेही आले होते. हे मला झोंबलं. खांदा देताना मी गर्दी मोजत होतो आणि माझ्या वेळी यातले किती येतील याचा हिशेब मांडत होतो. तो काही जुळला नाही.

आम्ही दोघं अमरावतीच्या एकाच स्टुडिओत शिकलो. मी आधी लागलो, तो आठ महिन्यांनी. सहा महिन्यांत तो माझ्या पुढे गेला. मी उजेडाचं गणित वहीत उतरवून पाठ करत बसे आणि हा शेतकऱ्याचा पोरगा तेच गणित आमच्यासाठी विहिरीवर नेऊन ठेवी. “हे पाहा मन्या, ॲपर्चर म्हंजे मोटरचा पाइप किती जाड आहे. शटर म्हंजे लाइन किती वेळ राह्यते. अन् आयएसओ म्हंजे जमीन किती तहानलेली आहे. पाइप जाड असंल तर लाइन कमी वेळ पुरते. तिन्ही मिळून वावर भिजलं पाह्यजे, चिखल नाई झाला पाह्यजे.” इतकं सोपं कोणी सांगतं का? पुढे मी माझ्या क्लासमध्ये वीस वर्षं हेच सांगितलं. माझं म्हणून.

आणि मग तो कापूस. पंधराएक वर्षं झाली असतील. अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस-खरेदीचा मुहूर्त होता. पहिली गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-दुपट्टा देतात, नारळ फोडतात, वजनकाट्याची पूजा होते. त्या वर्षी शेठजींना कॅलेंडरसाठी फोटो हवा होता : कापसाची गंजी आणि तिच्यापुढे तो शेतकरी. त्यांनी दोघांनाही बोलावलं. ज्याचा चांगला येईल त्याचा छापणार. गंजी दोन माळ्यांची, शेठजी सांगत एकाची, मी सांगतो चारची. नोव्हेंबरचं ऊन तिच्यावर पडून असं उलटत होतं की डोळे मिटून पाहावं लागे. शेवटी गर्व गिळून दिनूला विचारलं, “काय ठेवू रे?”

तो गंजीकडे बघतच म्हणाला, “एफ अकरावर ठेव, अन् कॅमेऱ्यातलं मीटर जे म्हणते त्याच्याहून दीड स्टॉप उजेड जास्त दे.”

“एवढ्या उन्हात अजून उजेड?” स्टॉप म्हणजे आमचं उजेडाचं माप; एक वाढवला की उजेड दुप्पट.

“कॅमेऱ्याले वाटते, जगात सगळं राखाडीच आहे. त्याले कापूस दाखवला का तो म्हणते, लय उजेड झाला, अन् दाबून टाकते. म्हैस दाखवली का म्हणते, अंधार झाला, अन् तिले धुऊन काढते. तू त्याच्या नादी लागू नको, लेका. पांढरं आहे तं पांढरं आहे म्हणून त्याले तूच सांग.”

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! जास्त उजेड देऊन माझा फोटो जाळायला निघालास? कॅलेंडरवर कोणाचं नाव येणार, हा प्रश्न असताना माणूस खरी सेटिंग सांगेल यावर माझा विश्वास बसेना, कारण मी सांगितली नसती. मी चाक फिरवलं ते उलटं. दीड स्टॉप कमी. उन्हामुळे स्क्रीनवर माझंच तोंड दिसत होतं, त्यामुळे काय आलं ते कळलं नाही. घरी कॉम्प्युटरवर लावलं तर सगळा काळोख. उजळवायला गेलो तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. शेठजींनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, “मनोहरभाऊ, हा कापूस होय का सिमेंट? अन् हा शेतकरी कुठं आहे? मले तं नुसती टोपी दिसून राह्यली.”

दिनूचा फोटो छापून आला. कापसाचं बोंडन् बोंड मोजून घ्या, शेतकऱ्याच्या कपाळावरची आठी मोजून घ्या. दोन्ही जिल्ह्यांत असं घर नव्हतं जिथे ते कॅलेंडर टांगलेलं नव्हतं. माझ्या बायकोनं आमच्या स्वयंपाकघरात टांगलं आणि वर्षभर मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

पण जेवण पचायला हवं ना... मग मी अमरावतीत, आम्ही फोटोग्राफर जिथे चहा घेतो त्या टपरीवर सांगून टाकलं, “दिन्यानं मले मुद्दाम उलटी सेटिंग देली.” पहिल्या दिवशी इतकंच. आठवड्याभरात त्यात दिनूचं मिश्कील हसणं आलं, महिन्याभरात त्याची शपथ आली. तो भांडायला येईल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो आला, चहा प्याला, मला नवी लेन्स दाखवली आणि गेला. कोणी मला उलटून विचारलंही नाही. मला वाटलं, काय पण बेमालूम सांगतो मी!

तो गेल्यावर त्याच टपरीशेजारी श्रद्धांजली सभा झाली. एक तरुण फोटोग्राफर बोलायला उठला, “दिनूभाऊसारखा माणूस होणे नाही. एक मनोहरभाऊला दिलेली ती सेटिंग सोडली, तर कोणाचं वाईट केलं नाही त्यांनी.” सगळे माझ्याकडे बघून मायेनं हसले. मला उठायचं होतं. मी उठलोही... आणि म्हणालो, आता दोन मिनिटं शांतता पाळू या. चार मिनिटं पाळली.

पंधरा दिवसांनी अकोटला गेलो. दिनूच्या पत्नी शोभावहिनी त्याच्या स्टुडिओतच होत्या, खिडक्या पुसत. मी म्हटलं, “वहिनी, दिनूनं मले सेटिंग बरोबर सांगतली होती. मीच उलटी केली, अन् मीच त्याले बदनाम केलं.”

वहिनींनी फडकं पिळलं. “मले माहीत आहे ना, भाऊजी. त्यायलेबी माहीत होतं. अमरावतीहून लोकं विचाराले आले, तं त्यायनं कबूल केलं.”

“काय कबूल केलं?”

“का हो, मीच उलटी सांगतली, गंमत केली म्हणून. मी म्हटलं, काहून खोटं बोलता? तं म्हणे, मन्याले सेटिंग समजत नाई असं गावात झालं तं त्याले लग्नाले कोन बोलावीन? माह्यं काय, माह्या कापूस तं पांढरा आला.”

मी ग्राहकांच्या बाकड्यावर बसलो. फोटोत तो पुढे होता हे मी कसंबसं गिळलं होतं. पण थापा! त्या तरी माझ्या होत्या. माझी थाप पंधरा वर्षं टिकली ती माझ्या जिभेच्या जोरावर नव्हे; हा माणूस तिच्या खाली खांदा देऊन उभा होता. त्यातही तोच पुढे. इतका हेवा मला त्या कॅलेंडरचाही वाटला नव्हता.

म्हटलं, “मी आता सगळ्यायले खरं सांगतो, वहिनी. पेपरात लिहितो.” ते लिहिणं म्हणजे हेच.

“लिहा. पन आधी माह्या फोटो काढून द्या. वारसाच्या अर्जाले पाह्यजे. त्यायच्याशिवाय कोनी काढलाच नाई कधी.”

पांढरा पडदा भिंतीवर होताच. त्याच्यापुढे स्टुलावर वहिनी बसल्या, फिकट साडीत. दिनू फ्लॅश लावत नसे, खिडकीचा उजेड त्याला पुरे. त्याचा कॅमेरा स्टँडवरच होता. मी डोळा लावला, मीटर पाहिलं. मीटर म्हणालं, उजेड फार झाला. माझं बोट चाकावर गेलं आणि तिथेच अडलं. मग मी दीड स्टॉप वाढवला. मीटरच्या नाकावर टिच्चून. “हलू नका, वहिनी...”

पडदा पांढरा आला. वहिनींचा चेहरा जसा आहे तसा आला, डोळ्यांखालच्या जागरणासकट. त्यांनी स्क्रीनवर वाकून बराच वेळ बघितलं आणि पदरानं नाक पुसत म्हणाल्या, “अगदी त्यायनंच काढल्यावानी आला, भाऊजी.”

तीस वर्षांत माझ्या कामाची इतकी मोठी तारीफ कोणी केली नव्हती... आणि तीसुद्धा त्यालाच गेली.