वेदीच्या पायऱ्या

अमरावतीत मी कोचिंग क्लासच्या इमारतींचे नकाशे काढते. तिथे आर्किटेक्टला एकच प्रश्न असतो: एका खोलीत पोरं किती बसतील? त्यामुळे अकोल्याच्या आमच्या लहानशा लूथरन मंडळीने नव्या चर्चचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मी हुरळून गेले.

जुन्या चर्चच्या भिंतींना काळ्या मातीपायी तडे गेले होते, पण एक गोष्ट तिथे बरोबर होती. प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे आमची वेदी, सपाट फरशीवर, लोकांमध्ये होतं. देव माणसापर्यंत उतरून येतो, माणसाला चढून जावं लागत नाही, हा आमच्या शिकवणुकीचा गाभाच. माझ्या आईचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत, तरी ती काठी टेकत मेजापाशी जायची आणि सगळ्यांबरोबर उभी राहून भाकर घ्यायची. प्रभुभोजन महिन्यातून एकाच रविवारी असायचं, आणि महिनाभर ती त्या रविवारची वाट पाहायची. म्हणून माझ्या नकाशात मेज मधोमध, तिन्ही बाजूंना बाकं, आणि पायरी एकही नव्हती.

मंडळीच्या पंचकमिटीने नकाशा उलटसुलट करून पाहिला. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक.

"स्टेज कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"स्टेज नाही, काका. मेज आहे."

"मंग पाव्हणे कुठी बसतीन? लोकाइत?"

लोकांतच बसावं, असंच आपण शिकवतो ना, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. आमच्याकडे स्टेजशिवाय साधं बारसं होत नाही. सोफा, सोफ्यापुढे टीपॉय, मग सत्कार, आणि वेळ उरलाच तर ज्याचं कार्य आहे त्याचं नाव.

"मागच्या बाकावरून दिसलं पायजे," अध्यक्ष म्हणाले. काय दिसलं पाहिजे हे त्यांनी सांगितलं नाही, पण कमिटीतल्या सगळ्यांना ते कळलं.

चर्चचे पाळकसाहेब मनाने माझ्या बाजूचे होते. पण त्यांच्या क्वार्टरची गळकी मोरीसुद्धा कमिटीच्या मर्जीवर होती. "दोन्ही बाजूंनी विचार व्हावा," ते म्हणाले. दोन्ही बाजूंनी विचार झाला आणि पाच पायऱ्यांचं स्टेज ठरलं, मेजही त्यावरच. निदान एका कडेला उतार तरी ठेवू, असं मी म्हटलं, तर खजिनदार हसले. "दवाखाना बांधून राहिलो का आपन?" मी राग गिळून नकाशा बदलला. काम सोडलं असतं तर त्यांनी सात पायऱ्या केल्या असत्या.

पाळकसाहेब आईला धीर द्यायला घरी आले. "मावशी, तुम्ही बाकावरच बसा. मी भाकर जागेवर आणून देईन."

"पंगत बसल्यावर मले डबा कावून?" आई म्हणाली. त्यावर ते चहा पिऊन गेले.

नव्या चर्चच्या समर्पणविधीच्या दिवशी स्टेजवर लाल सोफे आले. सोफ्यांवर पाहुणे आणि कमिटी, मागे कुठेतरी मेज. पायऱ्यांवर झेंडूच्या कुंड्या आणि त्यांतून एका माणसापुरती वाट. सत्कार इतके झाले, की प्रभूचा नंबर लागतो की नाही याची मला शंका यायला लागली. अखेर पाळकसाहेबांनी भोजनाला बोलावलं.

आई उठली. पायऱ्यांपर्यंत गेली, त्या वाटेच्या मधोमध पहिल्या पायरीवर बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. मी तिला उठवायला धावले.

"राहू दे," ती म्हणाली.

मागे रांग अडली. म्हातारीला ओलांडून जायची कुणाची छाती होईना. मग तिच्या मागची बाई फरशीवर बसली, मग आणखी दोघीतिघी. पाळकसाहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी कुंड्यांकडे. मग पाळकसाहेबांनी कुणाकडेही न पाहता भाकर आणि प्याला उचलला आणि ते खाली आले. आईने भाकर घेतली तेव्हा मी सरळ रडले.

खाली सगळ्यांना मिळालं. वर उरले सोफ्यावरचे. पाहुणे मंडळीबाहेरचे, त्यांचा यात काही संबंध नव्हता, पण अध्यक्षांना भाकर हवी होती. ते उठले आणि आडव्या अंगाने, कण्हत, एकेक पायरी उतरायला लागले. त्यांचेही गुडघे गेलेले आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. शेवटच्या पायऱ्यांपाशी त्यांचा हात आधारासाठी हवेत फिरला आणि आईच्या खांद्यावर टेकला.

आई जराशी सरकली.

"हळू बसा, भाऊ," ती म्हणाली. "जागा हाय."