घरातलं धाकटं कोण

आमच्या घरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी माफी मागायची रीत आहे. बाकीच्या ख्रिस्ती घरांत चांदणी लावतात, गव्हाणी मांडतात, शेजारीपाजारी फराळाची ताटं पाठवतात. ते सगळं आम्हीही करतो. पण चोवीस तारखेला दिवेलागणीला आम्ही सतरंजीवर बसतो, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला एक उतारा वाचतो, अन् मग घरातलं सगळ्यात धाकटं माणूस सुरुवात करतं. वर्षभरात कुणाच्या बाबतीत आपलं काय चुकलं ते त्याच्याकडं बघून सांगायचं, "माफ करा" म्हणायचं. समोरच्यानं "माफ केलं" म्हणायचं. असं धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. एकाचीही माफी राहिली तर ताटं वाढायची नाहीत.

ही रीत सासूबाईंची. त्या भोकरदनकडच्या, धावड्याच्या. शेतकरी घर, भावकी मोठी अन् भांडणं तिच्याहून मोठी. "रुसलेल्या घरात येशूबाळ पाय ठेवत न्हाई," असं त्या म्हणायच्या. मी जालन्याहून लग्न होऊन परतूरला आले तेव्हा मला ही रीत बिलकुल आवडली नव्हती. माहेरी नाताळ म्हणजे नवे कपडे अन् देवळातली, म्हणजे चर्चमधली गर्दी. इथं पहिल्याच वर्षी घरातलं धाकटं माणूस मीच निघाले. वीस वर्षांची सून सासऱ्यांपुढं काय बोलणार? मी म्हणलं, "माझ्या हातून भाकरी करपल्या, माफ करा." सासूबाई म्हणाल्या, "करपल्या त्या दिसल्या आम्हाला. मनात काय आल्तं ते सांग."

पुढं थोरला झाला, चार वर्षांनी धाकटी झाली, अन् माझी सुटका झाली. पोरांच्या माफ्या ऐकण्यासारख्या असायच्या. थोरला एकदा म्हणाला, "पप्पा, तुमच्या चष्म्यावर मी बसलो अन् नाव मांजराचं सांगितलं." धाकटी तर वहीचं पान फाडून यादीच करून आणायची. "मम्मी, तुझ्या कैचीनं मी कागद कापला, सात वेळा." मी कपडे शिवते. कापडाच्या कैचीनं कुणी कागद कापला की माझं डोकं फिरतं, हे त्या मांजरालाही माहीत होतं. पण त्या दिवशी "माफ केलं" म्हणताना मला हसू आवरायचं नाही.

सासूसासरे गेल्यावर शेवटी उरायचो आम्ही दोघं नवराबायको, अन् आम्ही मात्र चलाख. आमची पाळी येईस्तोवर पोरं भुकेनं कावलेली असायची. मी म्हणायची, "चुकलंमाकलं माफ करा." हे म्हणायचे, "माफ केलं, माझंबी तसंच." झालं, वाढा ताटं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांची धड एक माफी मागितली नाही. मागायला कारणं नव्हती असं थोडंच आहे? माझ्या नाकावर राग अन् जिभेला हाड नाही. आणि हे घुमे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर पोरांना शिकवतात, घरी आले की तोंडाला कुलूप.

थोरला कतारला हॉटेलात लागला. तो दोन वर्षांतून एकदा येतो, त्याचं ते ठरलेलंच. धाकटी रोज रेल्वेनं जालन्याला जाऊन नर्सिंग शिकली अन् गेल्या जूनमध्ये पुण्याच्या एका दवाखान्यात लागली. ती गेली त्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली. आम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नव्हतो. जे काही बोलायचं ते तिच्यामार्फत. "पप्पाला म्हण, जेवायला या." "मम्मीला इचार, गॅस संपला का." ती गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "पप्पाला म्हण..." अन् पुढचं तोंडातच राहिलं. बाहेरच्या खोलीत ह्यांनी ते ऐकलं. मुकाट्यानं आत येऊन ताटावर बसले. 

डिसेंबर लागला. मी मशीनवर नाताळचे फ्रॉक शिवत होते आणि धाकटीचा फोन आला. म्हणाली, "मम्मी, नाताळला दोन दिवस सुट्टी मिळून राह्यली. येऊ का?"

येऊ का. मला ते असं लागलं की सुई बोटात गेली असती तर बरं, असं झालं. सहा महिने झाले नाहीत बाहेर पडून, अन् आपल्याच घरी यायला पाहुण्यासारखं विचारते? मी म्हणलं, "इचारून यायचं आसंल तर नको येऊ. दोन दिवसांतला एक तर गाडीतच जातो. उगं दगदग अन् खर्चा. राह्य तिकडंच."

 ती म्हणाली, "बरं. बराबर हाय तुझं." फोन ठेवला.

मी मशीन पुन्हा चालू केली. मला वाटलं, आता उलट फोन येईल. "मम्मी, आसं काय करती" म्हणेल, मी जरा रुसून दाखवीन, मग ये म्हणीन. आजवर असंच चालायचं, मी रुसायचं अन् तिनं मनवायचं. फोन काही आला नाही. त्या फ्रॉकची एक बाही मी उलटी जोडली अन् पुन्हा उसवत बसले.

संध्याकाळी हे शाळेतून आले. हातपाय धुताना म्हणाले, "पोरीच्या सुट्टीचं काय झालं?"

"न्हाई मिळाली," मी म्हणलं.

"बरं," म्हणाले अन् टॉवेल घेतला. नवऱ्याच्या तोंडावर इतकं सपशेल खोटं मी कधी बोलले नव्हते. आणि बोलायला इतकं सोपं गेलं, त्याचीच मला भीती वाटली.

त्यानंतर मी तिला तीनदा फोन केला. एकदा ती ड्यूटीवर होती, उचलला नाही. एकदा उचलला तर मी विचारलं, "थंडी हाय का तिकडं? स्वेटर घालती न्हवं?" तिसऱ्यांदा मी बोलायचं सगळं पाठ करून बसले होते. तर ती म्हणाली, "मम्मी, पेशंट आलाय, मंग बोलते." मग गाड्यांचं रिझर्वेशन संपलं. आता ये म्हणलं तरी कशानं येणार होती? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन शब्द होते, "ये की बाई." तेवढे बोलायला माझी जीभ रेटेना.

फराळ तर करायलाच हवा. शेजारच्या मावशी दर वर्षी करंज्या लाटायला येतात. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती करतात. दिवाळीला मी त्यांच्याकडं जाते, नाताळला त्या माझ्याकडं येतात. यंदाही आल्या. मी तळत होते, त्या लाटता लाटता म्हणाल्या, "पोरगी कवा येणार?"

"सुट्टी न्हाई म्हणली."

"कशी मिळंल? नाताळ हाय म्हणून मानसं आजारी पडायची थांबत्यात व्हय?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पिठासकट. "लई गुणाची हाय. तू काळजी नको करू."

माझं सांत्वन करत होत्या, अन् ते माझ्या वाट्याचं नव्हतं. मला रडू फुटलं. मावशींना वाटलं, पोरीच्या आठवणीनं रडते. "तळणावर रडू नको बाई, तेल उडतं," म्हणाल्या अन् झारा माझ्या हातातून काढून घेतला. माप मी दरवर्षीचंच धरलं होतं. दोन माणसांच्या घरात करंज्यांचे दोन मोठे डबे भरले.

चांदणी लावायचं काम ह्यांचं, अन् खुर्ची धरायचं धाकटीचं. त्या रविवारी मी आत होते तर हे दारात येऊन उभे राहिले. "जरा खुर्ची धरती का?" मी धरली. वरून म्हणाले, "ती आसती तर म्हणली आसती, वाकडी लागली." मी बघितलं. वाकडीच होती. पण त्या वेळी तिच्याबद्दल एक शब्द जरी बोलले असते तर सगळंच बाहेर पडलं असतं, म्हणून मी म्हणलं, "चांगली हाय, उतरा."

चोवीस तारीख आली. सकाळी थोरल्याचा फोन येऊन गेला. दिवसभर मावशींकडं अन् गल्लीतल्या घरांत ताटं पोचवली. दर वर्षी पोरं न्यायची, यंदा आम्हीच गेलो, अन् प्रत्येक दारात मला तेच खोटं पुन्हा सांगावं लागलं. हे माझ्या शेजारी ताट धरून उभे राहायचे, ऐकायचे. एका घरी तर मी अजून तोंड उघडलं नव्हतं तेव्हा हेच म्हणाले, "सुट्टी मिळाली न्हाई तिला." माझं खोटं त्यांच्या तोंडून ऐकलं अन् मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवेलागणीला सतरंजी टाकली. चौघांची सतरंजी, बसणारे दोघं. मटण शिजत आलं होतं. ह्यांनी शाळेत वाचतात तसा खणखणीत आवाजात उतारा वाचला, पुस्तक मिटलं. मी सतरंजीचा काठ सरळ करत बसले. कशाची वाट बघत होते कोण जाणे.

हे म्हणाले, "सुरू कर की."

"मी?"

"मंग घरातलं धाकटं कोण हाय आता?"

मी ह्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. गुडघे दुखतात, केस पांढरे झालेत, अन् मी पुन्हा घरातली धाकटी झाले होते. मध्ये कुणी नव्हतं. "चुकलंमाकलं" म्हणून उरकता आलं असतं, पण लगेच जेवायला मागणारी पोरंही नव्हती. मी सतरंजीकडं बघत म्हणलं, "पोरीला सुट्टी मिळाल्ती. येऊ का म्हणली, त्याचा मला राग आला. मीच नको म्हणलं. तुम्हाला खोटं सांगितलं, अन् आज तुम्हालाबी खोटं बोलायला लावलं. माफ करा."

हे "माफ केलं" म्हणाले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले.

"मला ठाऊक व्हतं," शेवटी म्हणाले. "तिनं आधी मलाच फोन केल्ता. येऊ का म्हणली न्हाई. पप्पा, मी येते म्हणली. मीच म्हणलं, मम्मीला इचार."

खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा रागच आला. म्हणजे ते विचारणं पोरीचं नव्हतंच. ह्यांनी नेहमीसारखं माझ्याकडं ढकललं होतं, अन् तिनं बापाचं ऐकून मला विचारलं होतं. मी म्हणलं, "अन् तीन आठवडे तुम्ही नुसतं बघत बसलात?"

"बसलो. मला वाटलं, तुमचं तुम्ही दोघी मिटवाल. मी कशाला मधी पडू?" त्यांनी चष्मा पुन्हा घातला नाही. "पण पोरगी माझी न्हाई का? तिला ये म्हणायला मला कुणाला इचारायचं व्हतं? तिला तिथंच ये म्हणलो आसतो तर आज इथं आसती. माफ कर."

लग्नाला इतकी वर्षं झाली. ह्यांच्या तोंडून ते दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मी म्हणलं, "माफ केलं." हे म्हणाले, "माझ्याकडून बी माफ." मग मी रडले, अन् हे उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणलं, "ताटं न्हाई वाढता येत. तिची माफी मागायची राह्यली."

फोन लावला, आवाज मोठा केला अन् सतरंजीवर मधोमध ठेवला. ती नुकतीच ड्यूटीवरून खोलीवर आली होती. मी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणलं, "मला वाटलं, हे घर आता तुझं राह्यलं न्हाई. म्हणून मी तसं बोलले. मंग तू मनवशील म्हणून वाट बघत बसले. मी चुकले. माफ कर." ह्यांनीही आपलं सांगितलं, शाळेतल्या पोरानं उभं राहून सांगावं तसं.

 मग ती म्हणाली, "मम्मी, मी बॅग भरून फोन केल्ता. चार दिवस तशीच पडली व्हती, काढू वाटंना."

 आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. लहानपणी ती "माफ केलं" किती पटकन म्हणायची, अर्धं लक्ष ताटात.

"मी हे फोनवर न्हाई म्हणणार," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात सुट्टी घेते अन् येते. समोर बसून काय ते बोलू. मलाबी सांगायचं हाय लई. तवर तुम्ही जेवून घ्या."

हे म्हणाले, "अगं पण रीत..."

"पप्पा, घरात धाकटी मी हाय. मी आल्याबिगर सुरुवात व्हत नसती." आणि तिनं फोन ठेवला.

 मग मी उठले, ताटं वाढली. आमच्या घरात माफी मिळायच्या आधी जेवण झालं ते पहिल्यांदाच. मटण गार झालं होतं, भाकरीही गार. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.