आत्याच्या खेळाचा छापील पुरावा

आमच्या घरासमोर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. दुपारचं जेवण उरकलं की ते नातवाला घेऊन ओट्यावर बसायचे आणि आमचा 'यंत्रमाग' हा पटावरचा खेळ खेळायचे. एवढ्याशा पोराशी खेळतानासुद्धा फासा हळूच बोटाने फिरवायचे, हे मी आमच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तर ह्याच गृहस्थांनी एके दिवशी आम्हाला विचारलं, की असा काही खेळ आहे याला पुरावा काय?

झालं असं होतं, की भिवंडीतल्या एका वाचनालयाने तालुक्यातल्या उद्योगधंद्यांची माहिती देणारं पुस्तक काढायचं ठरवलं आणि संपादक म्हणून मास्तरांना नेमलं. संपादक झाल्यावर मास्तर दुपारीसुद्धा बंडीवर कोट घालून बसायला लागले. सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं, मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि जगात मला कळत नाही असं काहीही शिल्लक नव्हतं. पुस्तकाची बातमी घरी मीच आणली, आणि आत्या खळीचं पातेलं ढवळता ढवळता थांबली.

ही आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर वडप्याला, हायवेच्या कडेला. नवरा गेला तसं सासूने तिला सांगितलं, की घरात जागा कमी आहे. म्हणजे मुलगा होता तेव्हा घर मोठं होतं आणि तो गेल्यावर ते आकसलं! आत्या आमच्याकडे आली. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सासूबाई न चुकता चारचौघींना सांगायच्या, "ती काय, भावाच्या ताटात जेवते." आत्या ऐकून घ्यायची आणि घरी येऊन दुप्पट जोराने पट चिकटवायची.

कारण ताट भावाचं नव्हतंच. निजामपुऱ्यातल्या आमच्या खोलीमागे एक पडवी होती, तिला आम्ही कंपनी म्हणायचो. दुकानं, ऑर्डरी, छापखाना हे बाहेरचं बाबा बघायचे. आई म्हणायची, "मला तुमच्या कंपनीत धरू नका, तुम्हाला जेवायला कोण घालणार?" आणि खेळ? खेळ आत्याचा. अख्खाच्या अख्खा तिच्या डोक्यातला. आजूबाजूला दिवसरात्र माग धडधडायचे, त्यातूनच तिने एकेक घर बसवलं होतं. धागा तुटला, दोन घरं मागे. वीज गेली, एक डाव गप्प बसा. नवी पार्टी आली, चार घरं पुढे. शेठ मुंबईला गेला, पगार सोमवारी. सोंगट्या मागावरच्या मोडक्या लाकडी कांड्या कापून केलेल्या. शेजारच्या कारखान्यातल्या एका कारागिराला तिने पहिला पट दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "बाई, ये तो हम रोज करते हैं, इसमें खेल किधर है?" आणि शिफ्ट सुटल्यावर तोच येऊन असा खेळत बसला की उठायचं नाव घेईना.

तर आत्याला त्या पुस्तकात एक ओळ हवी होती. हा खेळ हिने केला, एवढीच. "एक पुस्तक वडप्याला गेलं पायजे," ती म्हणाली. "म्हातारीला वाचता येत न्हाय, पन तिचा नातू, थोरल्या दिराचा पोरगा, वाचून दाखवंल. भर ओटीवर." हे म्हणताना तिचे डोळे असे काही चमकले की मी चप्पल घालून तडक मास्तरांच्या ओट्यावर गेले.

मास्तर म्हणाले, "छापील पुरावा आण."

मी खेळाचा डबाच पुढे केला. त्यावर कंपनीचं नाव होतं, भिवंडी होतं, सगळं होतं.

"हे तुमचं तुम्ही छापलेलं. तुमच्याबद्दल दुसऱ्याने छापलेलं हवं."

"अहो पण मास्तर, तुम्ही रोज खेळता!"

"मी खेळतो हे मला माहीत आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण माझं माहीत असणं हा पुरावा नव्हे."

कपाळ माझं! नातू मागून ओरडत होता, "आजोबा, तुमची वीज गेलीय, गप्प बसायचं!" पण मास्तर काही गप्प बसले नाहीत. त्यांनी मला इतिहासलेखन म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

मग आमची शोधमोहीम सुरू झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही आमचे पट फुकट मांडले होते, म्हणून आधी शाळेचा अहवाल मिळवला. त्यात अध्यक्षांचं भाषण होतं, अध्यक्षांचा हार होता, अध्यक्षांच्या सौभाग्यवतींची ओटी होती. आमच्याबद्दल मजकूर होता: 'विद्यार्थ्यांनी विविध खेळांचा आनंद लुटला.' विविध! पटावर डोकी आपटेपर्यंत पोरं खेळली होती, आणि हे विविध!

मग आठवली गणपती मंडळाची स्मरणिका. तिच्यात आम्ही चांगली अर्ध्या पानाची जाहिरात दिली होती. मी धावत जाऊन स्मरणिका आणली, पान उघडलं, आणि आत्याने जीभ चावली. चारी बाजूंनी फुलांची वेलबुट्टी, वर गणपती, खाली समई आणि मधोमध ठळक अक्षरात: 'एक हितचिंतक'.

"आत्या, हे काय?"

"धंदा नवा होता गं. नाव छापलं की नजर लागते."

"अगं, मग जाहिरात कशाला दिली?"

"वर्गणी मागाया आलेले, पोरांना न्हाय कसं म्हनायचं?"

भिवंडीत ही तऱ्हा काही आमच्या एकट्या घरची नव्हती, हेही सांगते. त्या स्मरणिकेत एक हितचिंतक, एक भक्त, एक स्नेही यांचीच इतकी गर्दी होती, की गावात नाव असलेली माणसं राहतात की नाही अशी शंका यावी. ज्याला त्याला जाहिरात करायची होती, फक्त कुणाला कळू द्यायची नव्हती.

शेवटी उरलं साप्ताहिक. लघुउद्योगांचं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा आमच्या गावच्या साप्ताहिकाचे संपादक घरी आले होते. संपादक, बातमीदार, मुद्रक आणि वितरक ते एकटेच. आत्या आत चुलीपाशी त्यांच्यासाठी भजी तळत होती, मला पान आणायला पिटाळलं होतं, बाबा बाहेर त्यांच्याशी बोलत बसले होते. भज्यांची दुसरी बशी संपवून ते गेले, आणि बातमी खरंच छापून आली. बाबांनी अंकांचा गठ्ठाच घरी आणला होता. दारातच उभं राहून त्यांनी मोठ्याने वाचलं: "यंत्रमाग हा अभिनव खेळ प्रदर्शनाचे आकर्षण ठरला." आत्याने त्या दिवशी शिरा केला. मला स्वतःला वाचायचं होतं, पण बाबा म्हणाले, "हात खळीचे आहेत तुझे, अंक खराब होईल."

आता तो अंक हवा होता. संपादकांकडे गेले तर ते म्हणाले, "जुने अंक? आम्ही पुढे बघतो." म्हणजे फाईल रद्दीत गेली होती. घरी गठ्ठा शोधला. माळा, पेटी, पलंगाखाली, कुठेच नाही. आणि मग आत्या पडवीत जाऊन उभी राहिली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

आमचा पट कसा व्हायचा ते सांगते, म्हणजे आमची अक्कल कळेल. जाड पुठ्ठा महाग. म्हणून वर्तमानपत्रांची रद्दी आणायची, मैद्याची खळ करायची, उंदरांनी खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं, आणि कागदावर कागद चिकटवून, वजनाखाली दाबून, उन्हात वाळवून पुठ्ठा तयार करायचा. त्याच्यावर छापलेला पट. आमच्या घरात कागदाच्या दोनच जाती: पटाच्या वरचा आणि पटाच्या आतला. तो गठ्ठा रद्दीच्या ढिगात गेला, आणि आमच्याबद्दल जगात जे एकमेव छापून आलं होतं, ते आम्ही स्वतःच्या हातांनी स्वतःच्याच मालात चिकटवून टाकलं. वर मोरचूद! म्हणजे उंदरांनाही वाचता येऊ नये अशी व्यवस्था.

आत्याने पदर खोचला. न विकलेले पट पडवीत होते, ते तिने घंगाळातल्या कोमट पाण्यात बुडवले. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, माल आहे तो. एका ओळीसाठी माल कशाला नासतेस?" आम्हाला वाटलं, मालासाठी जीव तुटतोय त्यांचा. आत्या म्हणाली, "माल मी पुन्हा करीन, दादा." आणि ती ओल्या पुठ्ठ्याचे पदर सोडवत बसली. मोरचुदाने बोटं भाजली, नखांखाली निळं झालं. एका पटात सिनेमाच्या जाहिराती निघाल्या, एकात कशाकशाचे बाजारभाव. मी कंटाळून दोनदा उठले. ती उठली नाही.

आणि सापडली! प्रमुख पाहुण्यांच्या गौरवाखाली, अगदी तळाशी. मी फुंकर घालून कागद सपाट केला आणि वाचलं, 'यंत्रमाग हा अभिनव खेळ प्रदर्शनाचे आकर्षण ठरला.' पुढे आणखी एक ओळ होती. ती बाबांनी आम्हाला कधी वाचून दाखवलीच नव्हती. 'हा खेळ अमुक गृहस्थांनी आपल्या कल्पकतेने निर्माण केला आहे.' अमुक गृहस्थ म्हणजे बाबा. पूर्ण नाव, मागे श्रीयुत.

मग बाबा म्हणाले, "ह्या पेपरवाल्यांना काय, खातात आणि मनाला येईल ते लिहितात."

"मग तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हा ही ओळ?" मी विचारलं.

"अगं, घाईत ऱ्हायली असंल," आत्याच म्हणाली. "काय वकिली करतेस बापाशी!"

मास्तरांना मात्र कागद पाहून भरून आलं. ओला, निळसर, चिंध्या झालेला तो तुकडा त्यांनी देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसा उचलला. मी म्हटलं, "मास्तर, नाव चुकलंय. खेळ आत्याचा आहे. बाबांनाच विचारा." बाबा माझ्यामागेच उभे होते. ते म्हणाले, "हो, तिचाच आहे." मास्तर हसले, लहान मुलाकडे पाहून हसतात तसे. "तुमचा मोठेपणा आहे हा. पण माझ्याकडे छापील आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"माणूस आहे! त्या पडवीत बसलंय!" मी ओरडले. अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल.

माणूस कसला पुरावा असतो! पुस्तक निघालं. त्यात आमची कंपनी आली, दिमाखात आली, आणि बाबा कल्पक उद्योजक झाले. खाली संदर्भ म्हणून साप्ताहिकाचं नाव होतं. आत्याने पुस्तक हातात घेतलं, पान पाहिलं, पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं आणि खळ करायला गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मला इतका संताप आला होता, की मी मास्तरांच्या नातवाला सांगून टाकलं, तुझे आजोबा फासा फिरवतात.

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग एका सकाळी धुतलेला सदरा घालून आत्याला म्हणाले, "चल. वडप्याला जाऊ. पुस्तक घे. मी स्वतः सांगतो त्यांना." आत्या नको नको म्हणत होती, पण तिने नवं लुगडं काढलं, हे मी पाहिलं. मीही निघाले, मला कोण अडवणार?

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाबा खाली अंगणातच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "ह्या पुस्तकात माझं नाव छापलंय, ते चूक आहे. खेळ हिने केला. हिच्या कामावर आमचं घर चालतं. ही माझ्या ताटात जेवत नाही, मी हिच्या ताटात जेवतो." त्या काळात, बहिणीच्या सासरी, अंगणात उभं राहून हे बोलणं म्हणजे काय, ते आता कुणाला सांगून कळायचं नाही. आत्याने पदराने तोंड झाकून घेतलं.

म्हातारीने नातवाला हाक मारली. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. म्हातारी म्हणाली, "तू भाऊ हायस, बहिनीसाठी बोलनारच. छापलेलं कसं खोटं व्हईल?"

"अहो, ते पेपरवाल्याने..."

"पेपरवाल्याला तुझं नाव काय सपनात दिसलं?"

बाबांनी नातवाच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं. मला वाटलं, आता ते खवळणार. ते म्हणाले, "त्याने विचारलं, तुम्हीच केला का हो हा? मी होय म्हणालो."

म्हातारीचे हात तांदळात थांबले. तिने आत्याकडे पाहिलं. मग सूप बाजूला सारून ती सरकली, तिने ओटीवर जागा केली आणि म्हणाली, "मंग खरंच हिनं केला म्हनायचा. ये, वर ये, बस. चहा टाकते."

आत्याला जे हवं होतं, ते भर ओटीवर मिळालं होतं. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. पदर तोंडावरून खाली आला होता आणि ती बाबांकडे बघत होती.

चहा आम्ही घेतला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. परतीच्या एस.टी.त बाबांनी खिडकीजवळची जागा आत्यासाठी धरून ठेवली होती. ती पुढे गेली आणि माझ्या शेजारी बसली.