पाणमांजरांनी पळवलेला नारळ

सासूबाईंनी दिलेला ओटीचा नारळ आमच्या देव्हाऱ्यात सात महिने होता. एका सकाळी पाहते तर त्याला तडा गेलेला. सिंगापूरच्या दमट हवेत दुसरं काय होणार! पण सासूबाईंना हे कोण पटवणार? "कचऱ्यात टाकू नकोस हो," त्या पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "वाहत्या पाण्यात सोड." सांगायला काय जातं! आमच्या फ्लॅटखाली वाहत होतं ते एक काँक्रीटचं गटार, आणि त्यात नारळ टाकताना कुणी पाहिलं असतं तर दंड ठरलेला. शेवटी नवऱ्यानेच तोडगा काढला. रविवारी सकाळी कल्लांग नदीवर कयाक, म्हणजे दोघांची चिंचोळी होडी, भाड्याने घ्यायची, पार मध्यावर जायचं आणि गुपचूप सोडून द्यायचा.

ही दोन हजार सोळाच्या आसपासची गोष्ट. तो नारळ मूल व्हावं म्हणून होता. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांकडे आमचं तीनदा आयव्हीएफ झालं होतं, तिन्ही वेळा फसलं होतं, आणि चौथ्यासाठी मंगळवारची वेळ घेतलेली होती. मला ते चौथं नको होतं. सुया टोचून घ्यायच्या, तांजोंग पगारच्या ऑफिसात हसऱ्या चेहऱ्याने मीटिंगा करायच्या आणि मग दोन आठवडे निकालाची वाट बघत श्वास रोखून बसायचं, ह्या सगळ्याला मी पुरती विटले होते. पण हे नवऱ्याला सांगायचं कसं? त्याने बाळाच्या खोलीच्या भिंतीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. मंगळवारच्या आत बोलायलाच हवं होतं, आणि माझी जीभ रेटत नव्हती.

दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याला मागचा दिसत नाही. मी पुढे बसले, तो मागे. नारळ माझ्या पायांशी, कापडी पिशवीत. सकाळचे साडेसात असतील. आभाळ आणि पाणी एकाच फिक्या राखाडी रंगाचं, त्यामुळे आपण नक्की कशावर तरंगतोय तेच उमगत नव्हतं. पलीकडच्या पुलावरून गाड्या जात होत्या, पण त्यांचा आवाज अर्धवट झोपेत ऐकू यावा तसा लांबून येई. वल्ही थांबवली की कयाक आपली आपण सरकत राही. मला वाटलं, असंच सरकत राहावं, मंगळवार येऊच नये.

मध्यावर पोचल्यावर तो म्हणाला, "दे इकडे. आधी दोरा काढतो, पाण्यातल्या कुणाच्या गळ्यात अडकायला नको."

मी न वळताच नारळ मागे दिला. त्याने नारळाभोवतीचा लाल दोरा सोडवला, नमस्कारही केला असावा, आणि नारळ पाण्यात सोडला. तो बुडायची आम्ही वाट पाहत बसलो. नारळ कसला बुडतोय! डुलत डुलत आमच्याच शेजारी उभा राहिला.

"इंजिनिअर ना रे तू?" मी म्हटलं.

"विसर्जन हा विषय नव्हता आम्हाला."

तेवढ्यात पाण्यातून एक डोकं वर आलं. चपटं, ओलं, मिशा असलेलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. पाणमांजराची पिल्लं! इमारतीत नवीन भाडेकरू आल्यावर शेजारची पोरं त्यांचं सामान बघायला जमतात ना, तशी माना ताणून आमच्याकडे बघत होती. एक तर कयाकच्या टोकापर्यंत आलं, मला नीट न्याहाळलं, शिंकल्यासारखा आवाज केला आणि बुडी मारली. आई-बाप जरा अंतरावर मासा कराकरा खात होते, पण त्यांचे डोळे आमच्यावर. "हलू नकोस," नवरा कुजबुजला. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग पिल्लांना नारळ दिसला. एकाने नाकाने ढकलला, तो गोल फिरला, आणि झालं! चौघंही तुटून पडली. एक वर चढायला जाई, नारळ उलटा होई, पिल्लू पाण्यात. लगेच दुसरं तयार. नुसता चिवचिवाट. सासूबाईंचा सोवळ्यातला नारळ, नऊ दिवस उपास करून आणलेला! मला हसू आवरेना. मागे नवराही हसत होता, सगळी कयाक हलत होती. कित्येक महिन्यांत आम्ही दोघं मिळून असे हसलो नव्हतो. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी होतं, पिल्लं होती, आम्ही होतो. बाकीचं शहर असून नसल्यासारखं झालं होतं.

शेवटी मोठ्यांपैकी कुणीतरी शीळ घातली आणि पिल्लं नारळ ढकलत ढकलत काठावरच्या झाडांच्या सावलीत निघून गेली.

"बघ," नवरा म्हणाला. त्याचा आवाज इतका हळवा झाला होता की मला धडकीच भरली. "शुभशकुन आहे गं हा. ह्या वेळी होणार बघ."

मला त्याचा राग आला. राग आला म्हणूनच बोलता आलं.

"मंगळवारी मी येणार नाही," समोरच्या पाण्याकडे बघत मी म्हटलं. "मला हे आता नको. ह्या वेळी नको असं नाही. कधीच नको."

मग कयाक पुन्हा हलायला लागली, बारीक बारीक. क्षणभर मला वाटलं, हा हसतोय की काय. मग कळलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याचे वडील गेले तेव्हाही त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं, आणि आताही पाहत नव्हतेच. वळायची सोय नव्हती, वळले असते तर दोघंही पाण्यात गेलो असतो. मी वल्हं उचललं आणि एकटीच मारत राहिले. त्याच्यासाठी जीव तुटत होता, पण बोललेलं परत घ्यावंसं एकदाही वाटलं नाही.

किनारा जवळ आला तेव्हा त्याने विचारलं, "कधी ठरवलंस हे?"

"दुसऱ्या वेळेनंतर."

"म्हणजे तिसऱ्या वेळी..."

"तुझ्यासाठी."

तो म्हणाला, "अगं, मग मला सांगायचं नाही का? एकटीच सोसत बसलीस?"

दवाखान्यात एकदाही न रडलेली मी, वल्हं मांडीवर ठेवून तिथे, काठावर फिरायला आलेल्या लोकांच्या देखत, हमसून हमसून रडले. उरलेलं अंतर त्याने वल्हवलं.