तिच्या पेटीत नवं पायथन

चर्चमध्ये मंडळी प्रार्थनेत क्षमेच्या ओळीवर आली की मी तोंड मिटतो. पाळकसाहेबांना ते ठाऊक आहे. "आबा, वर्ष होत आलं, सोडा आता," म्हणतात. मी म्हणायचो, काम झाल्यावर बघू. आता काम झालंय. सोडलेलं नाही.

माझी बायको शिरूरात ब्लाउज शिवायची. मी कारेगावला एका कंपनीत वॉचमन होतो. तिथनं मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला. आत कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स, तेही जुनाट. दौंडला दिलेल्या आमच्या पोरीनं त्यात आईसाठी प्रोग्राम लिहून दिला. मापं घातली की कागदावर कटिंग छापून यायचं. निम्म्या शिरूरच्या बायकांची मापं त्या पेटीत होती. पुढं पोरीनं बाहीसकट सगळं काढणारा दुसरा प्रोग्राम लिहिला. पण तो चालायला नवं पायथन लागत होतं. पायथन म्हणजे ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते ती.

बायको तेव्हा आजारी. तरी पेटी लुगड्यात गुंडाळून बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेली. मी बरोबर होतो. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तो म्हणाला, "मावशी, ही पेटी आन् तुम्ही एकाच मॉडेलच्या. नवीन काय बसायचं न्हाई आता दोघींत."

लोक हसले. मीही कसनुसा हसलो. ते माझं हसू मला अजून डाचतं.

त्यानं जुनं पायथन उपटून काढलं आणि नवं घालायला गेला. जुन्या लिनक्सचा निम्मा संसार त्या जुन्या पायथनवरच चालतो, हे त्याला कुठं ठाऊक? पडदा काळा तो काळाच. "मेलं मशीन, भंगारात घाला." तिनं घरी येऊन पेटीवर कापड टाकलं. दोन महिन्यांनी ती गेली. कबरीत माती लोटतानाच मी ठरवलं, ही पेटी चालवून त्याच्या तोंडावर मारायची.

मी सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं आली ती गेटवर गाड्यांचे नंबर लिहून लिहून. एका रविवारी पोर पेनड्राइव्ह घेऊन आली. आधी तिनं जुनं पायथन परत जागेवर बसवलं. पडदा उजळला. मापं जशीच्या तशी.

"बाबा, आता जुन्याला हात लावायचा न्हाई. नवं शेजारी, वेगळ्या फोल्डरात बसवायचं."

"मग त्यानं काढलं कशाला?"

"त्याला म्हाईत नव्हतं, बाबा."

"आन् हसायचं बरं म्हाईत हुतं!"

इतक्या जुन्या लिनक्ससाठी नवं पायथन तयार मिळत नव्हतं, घरीच घडवायचं होतं. पोर दौंडला परत गेली. फोनवर एकेक अक्षर सांगायची, मी दाबायचो. दुपारी सुरू केलं. पडद्यावर ओळी पळत होत्या, आणि निम्म्यात लाईट गेली. मी शिव्या घातल्या त्या दुकानदाराला. लाईट आल्यावर पोर म्हणाली, "तोच हुकूम परत द्या. झालंय तेवढं वाया जात न्हाई." दिवस मावळता मावळता झालं.

पहिली मापं बायकोचीच घातली. आजाराआधीची. मुंढा, गळा, बाही, सगळं कागदावर आलं. मी घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच लुगड्यात पेटी बांधून ऐन बाजाराच्या वेळी दुकानात गेलो. "भंगार आणलंय, लावून बघ." त्यानं लावलं. जुनं चालत होतं, नवंही चालत होतं.

"आबा, कुणी केलं हे?"

"म्या. जिला हसला हुतास, तिची पेटी हाय ही."

"कुठल्या मावशी?"

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हती. घडीचा कागद मी खिशातनं काढलाच नाही.

मग तोच चिकटला. "वरवंडकडच्या एका शाळेचे असलेच जुने पीसी हायत. नवं घ्या म्हनलं तर मास्तर ऐकत न्हाईत. कसं केलं, सांगा की."

"सांगत न्हाई," मी म्हणालो. शाळा कुठली ते तेवढं विचारून घेतलं.

गेल्या महिन्यात पोरीला फोनवर धरून तिथले सगळे कॉम्प्युटर मी करून दिले. फुकट. त्या दुकानदाराचं गिऱ्हाइक तुटलं. मास्तर पोरांपुढं म्हणाले, आबांनी पत्नीच्या आठवणीसाठी सेवा केली. मी उभा राहिलो. "सेवा न्हाई मास्तर, सूड हाय."

पोरं हसली. या वेळी मी हसलो नाही.