पाचटाच्या रानात उतरलेलं विमान

माझा एक शाळासोबती सैन्यात वैमानिक होता. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यानं दोन माणसं बसतील एवढंसं विमान घेतलं. घरची उसाची शेती भाऊ बघायचा. हा सकाळ झाली की माळावरच्या धावपट्टीवर. माझं पलूसला लोखंडी सामानाचं दुकान आहे. एका शुक्रवारी नमाज आटोपून मी त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, "चल, आज तुला तुझं दुकान वरनं दाखवतो."

विमान सहज उचललं गेलं. खाली विहिरी, पत्र्याची घरं, उसाचे हिरवे चौकोन. मी दुकान शोधायला मान वळवली आणि इंजिनाचा आवाज बदलला. दोनदा खोकल्यासारखं झालं, मग आवाज बसला. पंखा फिरत होता, पण ओढ नव्हती. विमानाचं नाक त्यानं लगेच खाली घेतलं.

धावपट्टी मागेच होती, अगदी हाताशी वाटावी अशी. मी म्हणालो, "वळव की रं मागं."

"न्हाई. एवड्या खालनं वळलो तर पडू. पट्टा आवळ."

समोर उभा ऊस होता, त्याच्या पलीकडे तोडणी झालेलं, वाळक्या पानांचं पाचट पसरलेलं रान. त्यानं ते धरलं. उसाचे तुरे चाकांना घासून गेलेले मला ऐकू आले. मला भीती वाटत होती असं आता म्हणता येईल; तेव्हा मी फक्त बांधावरच्या बाभळीकडे बघत होतो. ती डाव्या अंगाला राहिली. विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. पुढचं चाक मोडलं आणि आम्ही नाकावर थांबलो.

माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. त्यानं आधी सगळी बटणं बंद केली. मग पट्टा सोडायला गेला तर सुटेना. एका हातानं मीच तो सोडवला.

शेजारच्या रानातून एक बाई धावत आली. "आवं, आत आजून कोन हाय का?" तिनं आधी हेच विचारलं. दोघंच आहोत म्हटल्यावर कळशी आणायला गेली. आम्ही उतरलो ते रानही तिचंच होतं; त्यातल्या ठिबकच्या नळ्या आम्ही फाडल्या होत्या. मित्र त्याबद्दल बोलू लागला, तर म्हणाली, "नळ्यांचं बगू मागनं. आदी पानी प्या."

दवाखान्यात जाताना गाडीत तो म्हणाला, "माज्याबी मनात वळायचंच आलं हुतं. हात तिकडं निगालाबी हुता. तेवड्यात तू बोललास. म्हटलं, ज्याला इमानातलं काय कळत न्हाई त्योबी हेच सांगतोय, म्हंजी हे चुकीचं आसनार."

मला हसू आलं आणि हाड दुखलं.

कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला होता, असं निघालं. नळ्या त्याच्या भावानं नव्या टाकून दिल्या. पावसाळा संपल्यावर विमान दुरुस्त होऊन आलं. "येतोस का?" त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. त्यानं आग्रह केला नाही. इंजिनाचा आवाज तो बराच वेळ जागेवरच ऐकत बसला, मग एकटाच वर गेला. मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभा राहून तो उतरेपर्यंत थांबलो.