एल्मरच्या पेटीची काळी पाच

मोरेश्वर साठ्यांनी पुण्यात चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त केल्या. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, नाटक कंपन्यांच्या. बायको गेल्यावर लेक मुग्धानं त्यांना न्यूझीलंडला नेलं. ते २००६ साल. टाकानिनीतल्या कोऱ्या करकरीत घरात दिवसभर करायचं काय? शेजारी माओरी भाषेत "किआ ओरा" म्हणत, मोरेश्वरकाका "नमस्कार" म्हणत, आणि गप्पा तिथंच संपत.

मुग्धा जवळच्या ओटाहुहू उपनगरातल्या एका फार्मसीत कामाला होती. एकदा हेलनबाई खोकल्याचं औषध घ्यायला आल्या. त्या जवळच्या चर्चमध्ये गाण्याचं पथक चालवत. बोलता बोलता म्हणाल्या, "कार्यक्रम पंधरवड्यावर आलाय आणि आमच्या पायपेटीला धाप लागलीय. गाणी एल्मर व्हिटकॉमची आहेत. कीबोर्डवर पार अळणी लागतात."

"माझ्या बाबांना दाखवू?" मुग्धानं विचारलं.

दुसऱ्याच दिवशी काका हत्यारांचा डबा घेऊन हजर. भाता फाटलेला, सुरांच्या पितळी पट्ट्यांवर धुळीचे थर. बूट दुरुस्त करणाऱ्याकडून मऊ कातडं आणून त्यांनी भाता सांधला. शेजारी बसून हेलनबाई एल्मरबद्दल सांगत, मुग्धा मराठी करी. तो अमेरिकेतल्या एका खेड्यात वाढला. आई चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. पुढे न्यूयॉर्कमध्ये मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी त्यानं संगीत लिहिलं, नाव झालं, पण पोटासाठी वीस वर्षं लोकांचे पियानो दुरुस्त करत हिंडला.

"म्हणजे आपल्यातलाच की!" काका खूश झाले.

खालच्या सप्तकातली काळी पाच मात्र काही केल्या बोलेना. दोन दिवस चष्मा कपाळावर चढवून काका तिची पितळी पट्टी घासत बसले. तिसऱ्या दिवशी सूर खणखणीत लागला. हेलनबाईंनी लगेच एल्मरची गाणी वाजवून पाहिली. काका कान देऊन ऐकत होते. शेवटचं गाणं संपलं.

"अगं, खालची काळी पाच आलीच नाही यात!"

मुग्धानं ते सांगताच हेलनबाईंनी कपाळावर हात मारला. "एल्मरच्या आईच्या पेटीची तीच काळी पाच बंद होती. म्हणून त्यानं ती वगळूनच गाणी लिहिली! तुम्ही दोन दिवस नेमक्या तिच्याच मागे आहात हे मला कळलंच नाही."

काका पोट धरून हसले. "अहो, त्याच्या गावात मी नव्हतो ना!"

रविवारी दुपारी चर्च भरलं होतं. पेटीनं अख्खा श्वास घेतला आणि पहिल्याच गाण्याला काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हेलनबाईंनी त्यांना उभं करून सगळी हकीकत सांगितली, टाळ्या थांबेनात. चहाच्या वेळी हॅमिल्टनचा एक शेतकरी जवळ आला. त्याच्या आजीची पायपेटी तीस वर्षं मुकी होती.

"भाता कातडी आहे की कापडी?" काकांनी थेट मराठीतच विचारलं.

मुग्धा हसत भाषांतराला धावली. पुढच्या शनिवारी बापलेक गाडी काढून हॅमिल्टनला निघाले.